स्काउटचे नियम आणि आपण मोठी माणसे



या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने मागच्या बाकावर बसून ऐकावे, अशी माझी आजवरची रीत. ती यंदा मोडली, याचा दोष चालकांकडे जातो. त्यांनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटले असावे, की हा कामगार चळवळीतला माणूस किमान वेतनावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलेल. मी म्हटले, मला स्काउटच्या पोरांच्या नियमांवर बोलायचे आहे. चालक हसले. एकजण म्हणाले, "अहो, तुम्ही आयुष्यभर गेटावर उभे राहून घोषणा दिल्यात, तुमचा आणि शिस्तीच्या नियमांचा संबंध काय?" हा संबंध काय, तेवढेच आज सांगणार आहे.

गोष्ट साधी आहे. मागच्या जून महिन्यात आमच्या युनियनचा एक सभासद संध्याकाळी कचेरीत आला. त्याच्या हातात एक छापील कागद होता. त्याचा मुलगा शाळेच्या स्काउट पथकात दाखल होणार होता आणि पालकाची सही हवी होती. हा गृहस्थ फाउंड्रीत काम करतो, अक्षरओळख आहे पण मोठा कागद पाहिला की घाबरतो. म्हणाला, "दादा, एकदा वाचून सांगा, सही करू का?" कागदाच्या माथ्यावर लिहिले होते, 'सदस्यांसाठी नियम व अपेक्षा.' खाली चौदा कलमे होती.

आता मला एक खोड आहे. तीस वर्षे मालकांशी करार करण्यात गेली, त्यामुळे कोणताही कागद मी करार म्हणूनच वाचतो. करार वाचताना आम्ही चार प्रश्न विचारतो. हा नियम कुणाकुणावर बंधनकारक? तो ठरवला कुणी? मोडला तर काय होणार? आणि अन्याय झाला तर दाद कुठे मागायची? हे चार प्रश्न मी त्या कागदाला विचारले. चौदांपैकी तेरा कलमे मुलावर बंधनकारक होती: वेळेवर यावे, पूर्ण गणवेशात यावे, वर्गणी भरावी, शिबिरात परवानगीवाचून हद्द सोडू नये, आज्ञा पाळावी, उलट बोलू नये. चौदावे कलम पालकावर होते: नुकसान झाल्यास भरून द्यावे. ज्यांनी कागद छापला त्या मोठ्या माणसांवर बंधनकारक असे एकही कलम त्यात नव्हते. दाद कुठे मागायची, याचाही उल्लेख नव्हता.

मी त्याला म्हटले, "सही दोन दिवसांनी कर." आणि ते दोन दिवस मी वाचनात घालवले. माझे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे विद्यापीठ म्हणजे कामगार वस्तीतले वाचनालय. त्या वाचनाची आणि त्यापूर्वीच्या दोन अनुभवांची हकिकत म्हणजेच आजचे भाषण.

पहिला अनुभव माझ्या लहानपणचा. माझे वडील मुंबईच्या गिरणीत साचेवाले होते. १९८२ च्या १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मी तेव्हा बारा वर्षांचा. आमच्या शाळेत स्काउटचे पथक होते आणि त्यात जायचे म्हणून मी वर्षभर हट्ट धरला होता. जूनमध्ये नाव लागले. वडिलांचा पगार बंद होऊन पाच महिने झाले होते. शर्ट चुलतभावाचा मिळाला, चड्डी आईने शिवली, स्कार्फ शेजारच्या काकूंनी जुन्या लुगड्याच्या काठाचा करून दिला. बूट मात्र नव्हते. पहिल्याच शनिवारी मला रांगेतून बाहेर काढले गेले. ज्यांनी काढले ते वाईट नव्हते. "नियम म्हणजे नियम," एवढेच ते म्हणाले. मी तासभर भिंतीशी उभा राहून बाकीच्यांची कवायत पाहिली आणि पुढच्या शनिवारी गेलो नाही.

पण त्याच संध्याकाळी आमच्या चाळीतला संघनायक जिन्यावर येऊन बसला. वलणीची दोरी सोडून त्याने मला रीफ गाठ शिकवली. उजवे टोक डाव्यावरून, मग डावे उजव्यावरून. "दोन्ही वेळा एकाच बाजूचं टोक वर घेतलंस तर गाठ सुटते," तो म्हणाला. बूट नसतानाही गाठ जमली. ती मी आजही विसरलेलो नाही.

आता वाचनातून काय समजले ते सांगतो. स्काउटिंगचा जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल हा इंग्रज लष्करी अधिकारी. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात १८९९–१९०० साली माफेकिंग या गावाला २१७ दिवस वेढा पडला होता. त्यात गावातल्या पोरांच्या पथकाने निरोप पोचवण्याची कामे केली, ती त्याने पाहिली. मुलांवर विश्वास टाकला तर ती जबाबदारी पेलतात, हा धडा त्याने तिथे घेतला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर त्याने सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. त्यात श्रीमंतांच्या निवासी शाळांतली मुले होती तशी कष्टकऱ्यांच्या घरची मुलेही होती, आणि त्यांना मुद्दाम एकत्र मिसळून चार संघ केले होते. १९०८ साली त्याचे पुस्तक पाक्षिक भागांतून निघाले आणि वडीलधाऱ्यांची वाट न पाहता पोरांनी आपले आपणच संघ काढायला सुरुवात केली.

गणवेशामागचा हेतू वाचताना मी थबकलो. गरीब आणि श्रीमंत रांगेत वेगळे दिसू नयेत, कुणाचा बाप कोण हे कपड्यांवरून कळू नये, हे त्या गणवेशाचे मोठे प्रयोजन होते. आणि माझ्या बाबतीत काय झाले? जो नियम गरिबी झाकण्यासाठी केला, त्याच नियमाने माझी गरिबी साऱ्या पटांगणासमोर उघडी पाडली. नियम तोच होता. तो कशासाठी केला हे मात्र मधल्या प्रवासात कुठेतरी गळून पडले होते. मित्रहो, कोणत्याही नियमाचे असेच होते. हेतू विसरला की नियम टाकाऊ होत नाही, उलट दुष्ट होतो. कारण त्याचे हत्यार तेवढे शिल्लक राहते.

दुसरी गोष्ट मी हसत हसत वाचली. १९०८ च्या मूळ नियमांत दुसरा नियम निष्ठेचा होता. स्काउटने निष्ठा कुणाशी ठेवायची? राजाशी, अधिकाऱ्यांशी, देशाशी आणि मालकाशी! होय, ज्याच्याकडे नोकरी करायची त्या मालकाशी. आणि आज्ञा पाळायची ती प्रश्न न विचारता. माझ्यासारख्या युनियनवाल्याने तिथेच पुस्तक मिटले असते. पण मी पुढे वाचत गेलो, आणि पुढच्या काळातल्या नियमांत आणखी एक भर पडलेली दिसली: आपल्या हाताखालच्या माणसांशीही निष्ठा. वर निष्ठा ठेवायची तशी खालीही ठेवायची. हे दोन शब्द आले आणि नियमाचा तोल बदलला. मालकाशी केलेल्या करारात आम्ही याहून वेगळे काय मागतो? पुढे १९११ च्या सुमारास विचार, उच्चार आणि आचार यांच्या शुद्धतेचा दहावा नियम जोडला गेला. म्हणजे नियम दगडावर कोरलेले नव्हते. माणसांनी केले, माणसांनी सुधारले.

आपल्या देशात तर या नियमांचा झगडाच झाला. १९०९ च्या सुमारास इथे स्काउट पथके निघाली ती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना त्यात प्रवेश नव्हता. ज्या चळवळीचा एक नियम सांगतो, की स्काउट सर्वांचा मित्र आणि वर्गभेद न मानता प्रत्येक स्काउटचा भाऊ, तिच्याच दारावर ही पाटी! मग आपल्या लोकांनी दारावर डोके आपटत न बसता आपले घर बांधले. मद्रासेत ॲनी बेझंट यांनी हिंदी मुलांची संघटना काढली. अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काउट उभे केले. जत्रा-मेळ्यांत हरवलेल्यांना शोधणे, आजाऱ्यांना उचलणे ही कामे त्यांनी अंगावर घेतली. १९२१ साली बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आला, काही संघटना एक झाल्या, सेवा समिती वेगळी राहिली. राजनिष्ठेचे वचन देशभक्ताने कसे द्यावे, हा काटा होताच. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निघाली. हे सारे प्रवाह स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकत्र आले आणि 'भारत स्काउट्स आणि गाईड्स' ही संस्था जन्मली. मुलींची गाईड संघटना १५ ऑगस्ट १९५१ रोजी तिच्यात आली. वचनातून राजा गेला आणि देश राहिला. 'ईश्वर' म्हणायचे नसेल त्याने 'धर्म' म्हणावे, अशीही मोकळीक ठेवली गेली.

आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचे नाव या संदर्भात घेतले पाहिजे. नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश, नंतर सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. आणि आयुष्यभर स्काउटच्या कामाला वाहिलेला माणूस. हेच बोस पुढे दालमिया-जैन कंपन्यांच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष झाले. ज्याने पोरांना 'विश्वासपात्र राहा' असे सांगितले, त्याने बड्या भांडवलाचे हिशेबही तपासले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशातला तो माणूस नव्हता.

आजचे नियम नऊ आहेत. विश्वासूपणा, निष्ठा, सर्वांशी मैत्री, सौजन्य, प्राण्यांवर आणि निसर्गावर प्रेम, शिस्त व सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण, धैर्य, काटकसर आणि विचार-उच्चार-आचाराची शुद्धता. सगळ्यांवर बोलत बसणार नाही. एकच लक्षात आणून देतो. यांत 'करू नको' असा एकही नियम नाही. आपण मुलांना दिवसभर सांगतो ते 'नको'चेच: पळू नको, बोलू नको, हात लावू नको. इथे सांगितले आहे, की स्काउट असा असतो. कसा नसतो, ते नव्हे. कारखान्यातली पाटी मात्र दहा गोष्टी करू नका म्हणते, आणि दंडाची रक्कम खाली लिहिलेली असते.

सहावा नियम मात्र मी माझ्या धंद्यात वापरला. आमच्या मोर्चात एकदा कुणीतरी एसटीच्या गाडीवर दगड टाकला आणि काच फुटली. त्या गाडीत बाजाराहून परतणाऱ्या बायका होत्या. आपल्या राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून गरिबाच्या पायाला तिनेच चाके दिली. ती काच सरकारची नव्हती, आपलीच होती. त्या दिवसापासून आमच्या युनियनचा नियम आहे, की एसटीला हात लावणारा आमचा सभासद नव्हे. हा नियम आम्ही सर्वसाधारण सभेत हात वर करून केला. म्हणून तो टिकला.

काटकसरीविषयी मात्र मला एक शंका आहे. ज्या घरी महिन्याची वीस तारीख उलटली की डबे वाजू लागतात, तिथल्या मुलाला काटकसर शिकवायला कुणी लागत नाही. हा नियम खरा ज्यांच्या घरी अन्न टाकले जाते त्यांच्यासाठी आहे. शिबिरात सगळे एका पंगतीला बसतात आणि ताटात काही टाकायचे नसते, तिथे तो नियम समान होतो.

आता दुसरा अनुभव. हा सांगायला मला थोडे जड जाते, कारण त्यात माझी चूक आहे.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी कंत्राटी सफाई कामगारांचा संप होता. तीन महिने पगार नव्हता. संपाचा सातवा दिवस. भाजीबाजारात कचऱ्याचे ढीग साचले होते. सकाळी सहाला निरोप आला, की शाळेची स्काउटची मुले झाडू घेऊन बाजार झाडायला निघाली आहेत. स्काउटने रोज एक सत्कृत्य करायचे असते. कुणाच्या तरी डोक्यात आले, की गाव स्वच्छ करण्याहून मोठे सत्कृत्य कोणते? मी कामगारांना घेऊन बाजाराच्या तोंडाशी आडवा उभा राहिलो. समोर पंचवीसेक पोरे, गळ्यात स्कार्फ, हातात नवे झाडू. आमच्या बाजूला झाडू नसलेल्या बायका. मुलांच्या रांगेत एक मुलगा होता, त्याने आपला झाडू पाठीमागे लपवला. त्याची आई आमच्या बाजूला उभी होती.

मी ओरडलो. गेटावर ओरडायची सवय. तोच आवाज मुलांवर काढला. "कुणाच्या पोटावर पाय देताय कळतं का? मागं फिरा!" मुले घाबरली. एक संघनायक मात्र पुढे आला. तेरा-चौदाचा असेल. म्हणाला, "काका, सरांनी सांगितलं 'चला', आम्ही आलो. आम्हाला कुणी विचारलं नाही. तुम्ही म्हणताय 'मागं फिरा'. तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याचे कारण त्या मुलाला ठाऊक नव्हते, मला होते. आदल्याच आठवड्यात आमच्या सभेत एका तरुण सफाई कामगाराने संप निधीचा हिशेब मागितला होता. मी त्याला खाली बसवले होते. संप चालू असताना हिशेब मागणे म्हणजे फूट पाडणे, आधी शिस्त, असे म्हणालो होतो. टाळ्याही मिळाल्या होत्या. म्हणजे मुलांना 'चला' म्हणणारा आणि कामगाराला 'बस' म्हणणारा, दोघे एकाच माळेचे मणी.

त्यांचे स्काउटमास्तर समजूतदार निघाले. ते म्हणाले, "आमच्यात एक पद्धत आहे. पोरांनाच ठरवू द्या." स्काउटमध्ये सहा-आठ मुलांचा एक संघ असतो, त्याचा एक संघनायक असतो, आणि साऱ्या संघनायकांची मिळून एक सभा असते. तिला ते कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. आपण मानसभा म्हणू. मास्तर त्या सभेत सल्लागार असतो, हुकूम देणारा नव्हे. चार संघनायक बाजारातल्या लिंबाखाली बसले. अर्ध्या तासाने उठले. त्यांचा ठराव असा: बाजार झाडणार नाही, कारण ते काम ज्यांचे आहे त्यांनी ते पगारासाठी थांबवले आहे. सरकारी दवाखाना झाडू, कारण तिथल्या रोग्यांचे कुणाशी भांडण नाही. मात्र ते करण्याआधी संपावरच्या मावश्यांची परवानगी घेऊ.

परवानगी मागायला ती मुले बायकांसमोर उभी राहिली तेव्हा एक म्हातारी सफाई कामगार पुढे आली. तिने विचारले, "दवाखान्याचा उकिरडा उचलणार? त्यात सुया असतात बाळांनो, काचा असतात. उघड्या हातानं नाही उचलायचं." ही गोष्ट ठराव करणाऱ्या मुलांना माहीत नव्हती, त्यांच्या मास्तरांना नव्हती, आणि खरे सांगायचे तर संपाचे नेतृत्व करणाऱ्या मलाही सुचली नव्हती. शेवटी असे झाले, की मुलांनी पाणी भरले, व्हरांडे धुतले. आणि धोक्याचा कचरा त्या बायकांनी, संप चालू असताना, आपण होऊन उचलला. दोन तास मुले त्यांचे काम पाहत होती. सफाई हे कौशल्याचे काम आहे, हे त्या दिवशी गावातल्या पंचवीस घरांत पोचले.

संप अकराव्या दिवशी मिटला. तीनपैकी दोन महिन्यांचा पगार हातात पडला. तो काही मुलांमुळे मिटला असे मी म्हणणार नाही. पण मिटण्याआधीच्या सभेत मी निधीचा हिशेब पैन् पै वाचून दाखवला आणि त्या तरुणाची सर्वांसमोर माफी मागितली. हिशेबात खोट नव्हती. पण नसली तरी विचारायचा त्याचा हक्क होता. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात सात माणसांच्या सह्यांवर युनियन नोंदवता येत असे; २००१ साली ती अट कडक झाली आणि आता कायद्याची सारी संहिताच बदलली आहे. पण त्या जुन्या कायद्यानेही एक गोष्ट सोडली नव्हती: युनियनला लेखी नियम हवेत, आणि हिशेबाची वही सभासदाला पाहता आली पाहिजे. हा नियम मी शेकडो कामगारांना शिकवला होता. मला तो एका स्काउटने शिकवला.

आता परत त्या चौदा कलमांकडे येतो.

मी काही नियमांच्या विरुद्ध नाही. मुलाने वेळेवर यावे, हे बरोबरच आहे. एकजण उशिरा आला तर सात जणांचा तंबू उभा राहत नाही. शिबिराची हद्द सोडू नये, हेही बरोबर. नदीला नियम कळत नाहीत. विस्तव पूर्ण विझवल्याशिवाय जागा सोडू नये, सोबत्याच्या वस्तूला विचारल्यावाचून हात लावू नये, लहानांची टिंगल करू नये, हे तर घराघरांत लागू व्हावे. ज्या मुलाला असे नियम मिळत नाहीत, त्याला गल्लीतला दादा आपले नियम देतो. पोकळी कधी राहत नाही.

माझी हरकत एकाच कलमाला आहे, 'आज्ञा पाळावी, उलट बोलू नये' या. तंबूला आग लागली तर आज्ञा ताबडतोब पाळलीच पाहिजे. तिथे मतदान घ्यायचे नसते. पण आग विझल्यावर 'आपण असे का केले' हे विचारता आले पाहिजे. आणि एक आणखी गंभीर गोष्ट आहे. आपण सारे कुटुंबवत्सल माणसे आहोत, म्हणून स्पष्ट बोलतो. मोठ्या माणसाने सांगितलेले काहीही ऐकायचे आणि कुणाला सांगायचे नाही, अशी सवय लागलेले मूल वाईट माणसाच्या हाती सहज सापडते. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ साली आपल्या देशात स्वतंत्र कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. अशा कृत्याची माहिती असून गप्प बसणाऱ्यालाही त्या कायद्याने मोकळे सोडलेले नाही. म्हणून प्रश्न विचारणे हा उद्धटपणा मानू नका. ते मुलाचे चिलखत आहे. धैर्याचा नियम नऊ नियमांत आहे ना? मग 'नाही' म्हणायचे धैर्य त्यातच आले.

तिसऱ्या दिवशी मी आणि तो सभासद, दोघे शाळेत गेलो. स्काउटमास्तर तरुण होते. युनियनचा माणूस आला म्हणून सुरुवातीला सावध बसले. मी म्हटले, "गुरुजी, तुमची चौदा कलमे मान्य. आमची चार मागणी-कलमे आहेत." ती अशी. गणवेश अपुरा म्हणून कोणत्याही मुलाला रांगेबाहेर काढू नये. शाळेत जुन्या गणवेशांचे आणि बुटांचे एक कपाट ठेवावे. शिबिरात कोणतेही मूल एकट्या मोठ्या माणसासोबत राहणार नाही, कायम दोघे जबाबदार असावेत, आणि तक्रार कुणाकडे करायची ते नाव कागदावर छापावे. शिबिराच्या वर्गणीचा जमाखर्च फलकावर लावावा. आणि मानसभा महिन्यातून एकदा खरोखर भरावी. पुढच्या वर्षीचे नियम छापण्याआधी ते तिच्यासमोर ठेवावेत.

गुरुजी बराच वेळ कागद पाहत राहिले. मग म्हणाले, "दादा, यातले पहिले आणि चौथे तर आमच्या प्रशिक्षणातच सांगितले होते. वर्गात चाळीस-पन्नास मुले, त्यात हे मागे पडले." दुसरे कलम त्यांनी आमच्यासमोरच हाताने लिहून घेतले. तिसरे, जमाखर्चाचे, त्यांच्या हातात नव्हते. ते व्यवस्थापनाकडे गेले आहे आणि बोलणी चालू आहेत. चारपैकी तीन मिळाली. आम्हा युनियनवाल्यांना यात नवे काही नाही. चौथ्यासाठी पुन्हा जावे लागते, आणि आम्ही जाणार आहोत.

सभासदाने तिथेच सही केली. बाहेर पडताना त्याने मला विचारले, "दादा, पोराच्या जागी आपण सही करतो, मग पोरगं सही कुठं करतं?" मी म्हटले, त्याची सही म्हणजे त्याचे वचन. दीक्षाविधीच्या दिवशी तो तीन बोटे वर करून देईल ते. पण त्या दिवशी पटांगणावर आपणही हजर असले पाहिजे, कारण वचन देणारा एकटा असला तर तो करार होत नाही.

या गावाकडे माझे दोन मागणे आहे. आपल्या घरात मुलांचे लहान झालेले बूट आणि गणवेश असतील. ते भंगारात न घालता धुऊन, पुसून जवळच्या शाळेच्या पथकाला द्या. आणि आपल्यापैकी जे निवृत्त झाले आहेत, ज्यांना पोहणे येते, सायकल दुरुस्त करता येते, तारेचे काम येते, प्रथमोपचार येतो, त्यांनी महिन्यातला एक शनिवार त्या मुलांना द्यावा. आज पथकांना नियमांची वाण नाही. शिकवणाऱ्या हातांची आहे. गिरण्या गेल्या, पण गिरणीत काम केलेली बोटे अजून आहेत. त्या बोटांतले कसब आणखी दहा-वीस वर्षांत आपल्याबरोबर जाईल.

मी स्वतः गेल्या दिवाळीपासून जातो. दोऱ्या घेऊन जातो. मुलांना रीफ गाठ शिकवताना चाळीतल्या जिन्यावर ऐकलेलेच सांगतो: एकदा उजव्या बाजूचे टोक वर, एकदा डाव्या बाजूचे टोक वर. परवा एका लहानग्याने विचारले, "आजोबा, दोन्ही वेळा एकाच बाजूचं टोक वर घेतलं तर?" मी म्हटले, "घेऊन बघ." त्याने घेतले, ओढले, आणि दोरी त्याच्या हातात सुटून आली.